मेणवलीचा वाडा: खिडक्या नाहीत, मग उजेड कुठून?

वाटसरू: रविवारी वाईहून मेणवलीला जाऊन आलो. घाटावर ही गर्दी, नाना फडणवीसांच्या वाड्यात मात्र आम्ही तिघंच. बाहेरून खालची भिंत अगदी आंधळी, आत गेलं की लख्ख. नानांना एवढी कसली भीती? की बांधकामाची रीतच अशी?

सागवान: दोन्ही. पण भीतीची गोष्ट सांगायला बरी वाटते म्हणून तीच जास्त सांगतात. वाड्याला सहा चौक आहेत, म्हणजे आतली उघडी अंगणं; तीच वाड्याच्या खिडक्या. उजेड, वारा, पाऊस, सगळं वरून. अशा वाड्यांत पुढच्या चौकात कारकून आणि येणारेजाणारे, आत जाल तसतसं घर बायकांचं.

पुढच्या वेळी भिंत सोडा, खांब बघा. वाडा भिंतीवर उभा नसतो. तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट, म्हणजे कड्या आणि फळ्यांचं छत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि घर मोजायचं ते खणांत. लाकूड पेलेल तेवढाच खण, म्हणून दालनं लांबच लांब पण रुंदीला बेताची.

हे मला आमच्याच घरात कळलं. माती झडते म्हणून सोप्याच्या भिंतीला आतबाहेर सिमेंटचा गिलावा केला. देखणा दिसला हो! चौथ्या पावसाळ्यात तुळईचं भिंतीतलं टोक बोटानं उकरलं तर नुसता भुसा. ओल आत कोंडली होती. चुन्यातून ती निघून गेली असती. खालचा खांब मात्र ठणठणीत. तळखड्यामुळे जमिनीची ओल त्याला शिवलीच नव्हती.

कृष्णाकाठ: गाव नानांना १७६८ च्या सुमारास इनाम मिळालं, वाडा त्यानंतरचा. मेणेश्वराच्या देवळाजवळची घंटा पाहिलीत का? चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तिथल्या चर्चची. तिच्यावर मेरीची प्रतिमा आहे आणि १७०७ साल.

वाटसरू: घंटा पाहिली, साल नाही दिसलं. परत जावं लागणार. सागवान, त्या तुळईचं शेवटी काय केलंत?

सागवान: कुजलं तेवढं टोक कापून जुन्याच सागाचा तुकडा जोडला. सुतार आधी हातच लावेना. म्हणाला, "गिलावा उतरवा, मग बोलवा मला." उतरवायला, करायला लागले होते त्याच्या तिप्पट दिवस गेले.