पहिलं मटण: कुणाचं जमलं, कुणाचं फसलं?

नळीचोर, पुणे
आखाड संपत आलाय. श्रावण लागायच्या आत एकदा तरी आपल्या हातचं मटण खायचंच, असं ठरवलंय. घरी आई करायची, मी फक्त नळीवरून बहिणीशी भांडायचो. इथे एकटा राहतो. एक कुकर, एक पातेलं, एक मिक्सर. मागच्या रविवारी अर्धा किलो आणलं, सगळं एकदम कुकरात घातलं, वरून दोन तांबे पाणी, आठ शिट्ट्या. झाकण उघडलं तर रस्सा एकीकडे, मटण एकीकडे. रस्सा म्हणजे तिखटाचं पाणी आणि फोडी चावून चावून जबडा दुखला.
रेसिप्या ढिगाने मिळतात, त्या नकोत. तुमचं पहिलं मटण कसं झालं, काय बिघडलं आणि पुढच्या वेळी काय बदललंत, तेवढं सांगा.

चुलीपाशी, सातारा
दोन तांबे? अहो, अर्धा किलोला?
माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं. तेव्हा आत्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आधी त्याला त्याच्या पाण्यात शिजू दे, मग तुझं घाल." मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण चोळून ठेवायचं. पातेल्यात तेलावर कांदा लाल झाला की मटण टाकायचं आणि चांगलं परतायचं. पाण्याचा थेंब नाही. वर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओतायचं, आच बारीक. पाच-दहा मिनिटांत मटणाला पाणी सुटतं. ते आटत आलं, फोडी तेलात चरचरायला लागल्या, की ताटातलं कढत पाणी आत ढकलायचं आणि ताट पुन्हा भरायचं. दर वेळी थोडंच. वेळ लागतो, पण बाजूला बसायला तेवढंच निमित्त मिळतं. थंड पाणी मी कधीच घालत नाही. वातड होतं म्हणतात, खरं-खोटं तपासायला मटण वाया कोण घालवणार?

आळणीपाणी, कोल्हापूर
मी हौसेने पहिल्यांदाच पांढऱ्या रश्शाला हात घातला. आमच्याकडे आधी मटण नुसतं हळद-मीठ-आलं-लसणात शिजवतात, ते आळणी पाणी बाजूला काढतात आणि त्यातूनच तांबडा आणि पांढरा दोन्ही होतात. तांबडा झाला झकास, कांदा-लसूण चटणीने सांभाळून घेतलं. पांढऱ्यात तीळ-खसखशीचं वाटण घातलं, ओल्या नारळाचं दूध ओतलं आणि पाहुणे आले म्हणून दार उघडायला गेले. गॅस मोठाच. परत येऊन बघते तर रस्सा फाटलेला, वर चोथा तरंगतोय. सासूबाईंनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, गाळणी आणून दिली. गाळून वाढला. पाहुण्यांनी तीन-तीन वाट्या प्यायला, त्यामुळे आमचं बिंग अजून फुटलेलं नाही. तेव्हापासून नारळाचं दूध शेवटी, आच मंद आणि पळी हातात. मग दारात कुणीही येवो.

गोडं_वरण, ठाणे
माहेरी अंडंसुद्धा नव्हतं. नवरा मालवणकडचा. लग्नानंतर वर्षभर त्याने कधी हट्ट केला नाही, मीच एकदा म्हटलं, करून बघते. कच्च्या मटणाला हात लावायला जमेना, ते धुणं-चोळणं त्याने केलं. मी वाटणाची बाजू घेतली. सुकं खोबरं आणि कांदा, दोन्ही तव्यावर तांबूस होईपर्यंत. इथेच घाई नडते. कांदा अर्धवट भाजला तर रस्सा गोडसर लागतो, खोबरं काळं झालं तर कडू. मग मिक्सरला गंधासारखं बारीक. नळीचोर, तुमचा रस्सा वेगळा का पडला ते मला तरी कळलं: त्यात वाटणच नव्हतं, मग तो मिळून येणार कसा?
मी अजूनही खात नाही. मिठाचा अंदाज वासावरून घेते आणि तो चुकत नाही, असं घरातले म्हणतात.

चटक, नागपूर
खोबरं-बिबरं ठीक आहे, पण तर्री दिसली पाहिजे ना भाऊ! मसाला तेल सुटेपर्यंत परतला नाही तर वर लाल थर येतच नाही. पहिल्यांदा मी तिखट सावजी अंदाजाने घातलं होतं. मित्र जेवले, घामाने निथळले, पण ताट कोणी सोडलं नाही.

दोन_विळे, जर्मनी
इथे बोकड सहजी मिळत नाही, तुर्की दुकानात कोकरू मिळतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा भाषा येत नव्हती, म्हणून स्वतःच्या खांद्यावर हात मारून दाखवला. त्याने हसून बरोबर खांद्याचंच मटण कापून दिलं. कोकराची चरबी काढून टाका, नाहीतर वास रश्शावर बसतो. शिजतंही बोकडापेक्षा लवकर. मी सवयीने सहा शिट्ट्या दिल्या आणि हाडं वेगळी, लगदा वेगळा. त्यात खोबरं भाजताना धुराचा भोंगा वाजला. वरच्या मजल्यावरच्या आजी घाबरून खाली आल्या, तर त्यांना वाटीभर रस्सा दिला. भातावर घालून खाल्ला म्हणे.

शिट्टी, नाशिक
शिट्ट्या मोजू नका. दोन शिट्ट्या, मग बारीक गॅसवर पंधरा-वीस मिनिटं, वाफ आपोआप जाऊ द्या, फोड दाबून बघा. बोकड जून निघालं तर परत लावा. आणि खाटकाशी ओळख ठेवा.

नळीचोर, पुणे
आज केलं. ताटावर पाणी, कांदा-खोबऱ्याचं वाटण, कुकर बाजूलाच ठेवला. सव्वादहाला सुरुवात, बारा वाजता फोड बोटाने तुटली. तर्री आली, थोडीशीच. कांदा एका बाजूने जरा करपला होता, ते लपवता आलं नाही. आईला व्हिडिओ कॉलवर पातेलं दाखवलं तर तिने पहिलं विचारलं, "नळ्या किती आहेत?"
दोन होत्या. दोन्ही मीच खाल्ल्या.