लाईट-नेट गेलं तरी वाचता येईल असं वाड्यांचं सामायिक ग्रंथालय: पुस्तकं कोणती घ्यावी, टिकवावी कशी?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या आम्ही काही घरांनी मिळून एक गट केलाय. उद्या बाहेरून काहीच आलं नाही, लाईट नाही, टॉवर नाही, रस्ता नाही, तरी आपलं आपल्याला निभावता आलं पाहिजे, एवढाच उद्देश. 2019 च्या ऑगस्टात बेळगाव जिल्ह्यात पूर आला तेव्हा हे सगळं एकदम बंद पडलेलं आम्ही बघितलंय. आमच्याकडं तर पूर नसला तरी आर्द्रा-पुनर्वसूत झाड पडून तारा तुटल्या की लाईट कधी येईल ते कुणी सांगत नाही.

बियाणं झालं (इंटाण आणि जुनं बासमती ही भातं दोन घरांत वेगवेगळी ठेवलीत), सोलरचे दिवे झाले, औषधांची पेटी झाली. आता पुस्तकांचा विषय निघालाय. गटातल्या तरुण पोरांचं म्हणणं, हजारो पीडीएफ एका टॅबमध्ये बसतात, कागद कशाला जमवायचा? मला ते पटत नाही. टॅब ज्याच्या हातात, ज्ञान त्याच्याच हातात. एक बाई बाळंतीण, एकाची म्हैस अडलेली आणि तिसऱ्याला मोटारीचं वायरिंग बघायचंय, अशा वेळी तीन पुस्तकं तीन घरांत जाऊ शकतात. शिवाय आमच्या हवेत चार्जिंगचं भोक गंजायला एक पावसाळा पुरतो.

पण कागदालाही हीच हवा खाते. जुलैत कपाट उघडलं की बुरशीचा वास येतो. तेव्हा अनुभवी लोकांनी सांगावं: सुरुवात कोणत्या पुस्तकांपासून करू? सगळी एका जागी ठेवू की घरोघर वाटू? आणि भाषेचं काय? आमच्या आज्ज्या मराठी वाचतात, नातवंडं कन्नड शाळेत जातात. एकच पुस्तक दोघांच्या उपयोगाचं कसं होणार, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतोय.

उचगावचा वाचक

तुमचा धागा वाचून फार बरं वाटलं. गावच्या वाचनालयाचं काम मी बरीच वर्षं बघितलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुस्तकांची यादी आधी करू नका. आधी प्रश्नांची वही करा. प्रत्येक घरात जाऊन विचारा, "रस्ता बंद असताना तुम्हाला काय कळलं नव्हतं?" कुणी सांगेल पोराला जुलाब लागले होते, कुणी विहिरीत पुराचं पाणी शिरलं होतं, कुणी गाय अडली होती. त्या वहीतल्या प्रश्नांना ज्या पुस्तकात उत्तर आहे तेच पुस्तक विकत घ्यायचं. असं केलं नाही तर लोक घरातली रद्दी आणून देतात, कपाट भरतं आणि गरजेच्या रात्री हाताला काही लागत नाही. देणगीची पुस्तकं नाकारायला शिका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

आरोग्याच्या पुस्तकात आवृत्तीचं साल बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या पुस्तकांत साप चावल्यावर घट्ट आवळून बांधा, चिरा द्या, चोखून काढा असं छापलेलं असतं. यातलं काहीही करायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, उचलून दवाखान्यात न्यायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर प्रतिविष मिळतं; तुमच्या जंगलातल्या हिरव्या चापड्यावर ते चालत नाही. हे ज्या पुस्तकात नीट लिहिलंय तेच ठेवा, आणि जुनं पुस्तक कुणी भक्तिभावानं दिलं तर त्या पानावर लाल पेनानं काट मारून बरोबर मजकूर चिकटवा. माकडतापाचंही तसंच. 1957 साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, पुढं तुमच्या शेजारच्या सत्तरी तालुक्यात (गोवा) आणि दोडामार्गातही आला. गोचिडीतून येतो. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नये, त्या बाजूला जाऊ नये, आरोग्य खात्याला कळवावं, ही माहिती मोठ्या अक्षरांत कपाटाच्या दारावरच लावा.

भाषेचा तुमचा प्रश्न खरा आहे आणि त्याला आपल्याकडं एक सोपी वाट आहे. कर्नाटक सरकारची शाळेची पुस्तकं कन्नड आणि मराठी दोन्ही माध्यमांत निघतात, तोच धडा, तीच आकृती. आठवी ते दहावीची विज्ञान आणि गणिताची पुस्तकं दोन्ही भाषांत घ्या आणि शेजारी-शेजारी ठेवा. मुलगा कन्नडात वाचेल, आज्जी मराठीत, आणि दोघं एकाच चित्रावर बोट ठेवतील. वीज, उष्णता, आम्ल-आम्लारी, शरीराची रचना, सगळं त्यात आहे. दहावी झालेली पोरं ती पुस्तकं आनंदानं देतात. फक्त ही देणगी घ्या.

शेतीसाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाची कृषिदर्शनी आणि धारवाडच्या विद्यापीठाची कन्नड पुस्तकं, अशी जोडी लावा. तुमची जमीन आणि पाऊस धारवाडवाल्यांना जास्त माहीत. मराठी विश्वकोशाचे जुने खंड कुठं स्वस्तात मिळाले तर सोडू नका. साबण, चुना असल्या नोंदींत वस्तू कशी तयार होते ते मुळापासून समजतं. आणि पंचांग दरवर्षी एक. नेट नसताना तिथी-नक्षत्र कळायला दुसरं साधन नाही, आणि तरणा पाऊस (पुनर्वसू), म्हातारा पाऊस (पुष्य) यांवर अजून आपल्या रोपाच्या लावणीचं बोलणं चालतं.

गोष्टी-कादंबऱ्याही ठेवा. अंधारात आठवडा काढायचा तर माणसाला मन रमवायला काहीतरी लागतं, विशेषतः पोरांना. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 चं आहे. कडोली, येळ्ळूर, उचगावसारख्या खेड्यांत साहित्य संमेलनं भरतात. आपल्या भागात वाचणारा माणूस शोधावा लागत नाही, पुस्तक त्याच्या घरापर्यंत पोचवावं लागतं.

झेरॉक्सबद्दल एक सांगून थांबतो. लेखक वारून साठ वर्षं उलटली की पुस्तक हक्कमुक्त होतं, ते खुशाल छापून घ्या. बाकीची विकत घ्या.

वेदगंगा

मी निपाणीकडची, नदीकाठच्या गावातली. शाळेत शिकवते. आमच्याकडं 2019 ला आणि परत 2021 च्या जुलैत यमगर्णीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता, त्यामुळे "एका जागी ठेवू का" याचं उत्तर मी ठामपणे देते: नाही. महत्त्वाच्या पुस्तकांच्या दोन प्रती घ्या आणि एक प्रत वरच्या वाडीत ठेवा. पुस्तकांची संख्या निम्मी झाली तरी चालेल.

पुराचं पाणी शिरलेली पुस्तकं मी हातानं वाळवलीत. बुरशी धरायला दोन दिवस पुरतात, म्हणून चिखल पुसत बसायचं नाही, लवकर वाळवायला घ्यायचं. पुस्तक मिटलेलं असतानाच स्वच्छ पाण्यात हलकं बुडवून गाळ जाऊ द्यायचा, उघडून चोळायचं नाही. मग उभं करून पानं पंख्यासारखी सुटी करायची आणि दर दहा-पंधरा पानांत कोरा कागद घालायचा. कागद ओला झाला की बदलायचा. वाऱ्याला ठेवायचं, कडक उन्हात नाही. उन्हात पुठ्ठा वाकतो. गुळगुळीत, चकचकीत कागदाची रंगीत पुस्तकं मात्र ओली असतानाच पान-पान वेगळं केलं तर वाचतात. एकदा चिकटून वाळली की वीट होते, मग काही उपाय नाही. म्हणून मी म्हणते, चित्रांचं पुस्तक घेताना साध्या कागदावरचं मिळालं तर ते घ्या.

आणि हातानं लिहायच्या वह्या बॉलपेननं लिहा. शाईच्या पेनानं लिहिलेली माझी एक वही पूर्ण निळी झाली, बॉलपेनच्या वहीतलं अक्षर न् अक्षर राहिलं.

शहापूरचा बायंडर

मी बेळगावात बायंडिंगचं काम करूलालोय, म्हणून बांधणीपुरतं बोलतो.

पुस्तक घेताना पाठीकडनं बघा. पानांचे जुडगे दोऱ्यानं शिवलेले दिसूलालेत तर ते टिकतंय. नुसता गरम डिंक लावून चिकटवलेलं असेल तर चार वेळा उघडलं की पानं सुटतात, आणि तुमचं पुस्तक तर चुलीपुढं उपडं ठेवूनच वाचणार की ओ. असलं पुस्तक आलं तर आधी माझ्यासारख्याकडं आणा. मणक्याकडनं भोकं पाडून सुती दोऱ्यानं आडवी शिवण घालून देतो. पिना असतील तर सगळ्या काढायच्या. आपल्याकडं पिन गंजते, कागद पिनेभोवती तपकिरी होतोय आणि तिथंच फाटतोय.

खळ मैद्याची करतोय आम्ही, त्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतोय. मोरचूद नसली तर कसर (कागद खाणारी कीड) त्या खळीसाठीच पुस्तक खाते. मोरचूद विषारी आहे, भांडं वेगळं ठेवायचं, पोरांच्या हाताला लागू द्यायचं नाही. झेरॉक्स काढणार असाल तर डाव्या बाजूला दोन बोटं जागा सोडायला सांगा, नाहीतर शिवणीत अक्षरं जातात. झेरॉक्सची आणि लेसरची अक्षरं पाण्यानं पसरत नाहीत. घरच्या शाईच्या प्रिंटरवर काढलेलं पसरतंय, ते करू नका.

कपाट लोखंडी घ्या, विटांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. लाकडी कपाट घेतलं तर वाळवी आधी कपाट खाते, मग तुम्हाला कळतंय. पुस्तकं गच्च भरू नका, हात आत जायला पायजे. कोरडं राहायला निळी शिलिका जेल मिळते. ओल धरली की ती गुलाबी होते, मग तव्यावर भाजली की परत निळी. तवा त्याच कामाचा ठेवा, जेवणाचा नको. वेखंडाचे तुकडे आणि कडूलिंबाचा वाळलेला पाला ठेवायची पोथीवाल्यांची पद्धत आहे, तीही करा. पाला पूर्ण वाळलेला पायजे. ओला पाला घातला तर तोच बुरशी आणतोय.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री गटाची बैठक झाली, तिथं हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. प्रश्नांची वही लगेच सुरू केली. पहिलाच प्रश्न एका आज्जीनं सांगितला, "हिरीत गढूळ पाणी आलं तर किती उकळायचं?" दुसरा एका पोरानं कन्नडात लिहिला. ते बघूनच ठरलं की वही दोन्ही लिपींत चालू द्यायची.

वेदगंगाताई, दोन प्रतींचं पटलं. एक कपाट जांबोटीकडच्या घरात, दुसरं वर कणकुंबीकडं. कणकुंबीची ओल माहीत असूनही हे करतोय, कारण आधी रस्ता तिकडंच बंद होतो आणि पुस्तकाची गरजही तिकडंच पडते. शिलिका जेलचे जास्त डबे त्या कपाटात घालू.

एक भर आमच्याकडून. जे कुठल्याच पुस्तकात छापलेलं नाही ते आम्ही बॉलपेननं लिहून घेतोय: उन्हाळ्यातही न आटणारे झरे कुठं आहेत, कुठल्या ओढ्यावरचा साकव कुठल्या पाण्याला जातो, कुठल्या घरात कुठलं भात आहे, सुईण कोण, गुरांचं कुणाला कळतं. ही वही दोन प्रतींत, बायंडरदादांनी शिवलेली हवी.

बायंडरदादा, दुकानाचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सुगी संपली की वह्या आणि पहिली पुस्तकं घेऊन येतो. उचगावचे काका, देवघेवीचं काय करू? घरी न्यायला द्यायचं की कपाटाजवळच वाचायचं?

उचगावचा वाचक

गोष्टी आणि शाळेची पुस्तकं बिनधास्त घरी द्या. आरोग्याची आणि गुरांची पुस्तकं मिरगापासून दसऱ्यापर्यंत कपाट सोडून जायची नाहीत. ज्याला हवं त्यानं येऊन वाचावं, गरजेचं पान उतरवून न्यावं. नोंदवहीत नावासोबत वाडी लिहा. आणि कपाटाच्या दोन किल्ल्या करा, दुसरी किल्ली शेजारच्या घरातल्या बाईकडं द्या. पुरुष रानात असतात, बाई घरी सापडते.

पहिल्या खरेदीची यादी इथं टाका. आवृत्त्या मी तपासून देतो.