कझिन्सला बसवायचं की आणखी एक मॅच द्यायची? (एनएफएल, अटलांटा फाल्कन्स, आठवडा १५ नंतर)

लाल_काळा
मंगळवार, १७ डिसेंबर २०२४, सकाळ

काल रात्री लास व्हेगासला रेडर्सविरुद्ध १५-९ जिंकलो. जिंकलो, एवढंच. समोर हंगामात दोनच मॅच जिंकलेली टीम, त्यांचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) डेस्मंड रिडर (हो, आपणच ज्याला कंटाळून सोडला तोच), आणि तरी शेवटच्या ड्राइव्हपर्यंत जीव टांगणीला. आपला क्वार्टरबॅक कर्क कझिन्स, त्याचे आकडे: १७ पैकी ११ पास, ११२ यार्ड, १ टचडाऊन, १ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेला पास).

गेल्या पाच मॅच, आधी टचडाऊन मग इंटरसेप्शन: सेंट्स ०-१, ब्रॉन्कोस ०-१, चार्जर्स ०-४, व्हायकिंग्ज ०-२, रेडर्स १-१. बेरीज १ आणि ९. अख्ख्या हंगामात १८ टचडाऊन, त्यातली ८ एकट्या टँपा बेविरुद्धच्या दोन मॅचमध्ये. इंटरसेप्शन्स १६.

६-३ (विजय-पराभव) वरून आपण ७-७ वर आलोय. आपल्याच डिव्हिजनमधली (गटातली) टँपा ८-६. त्यांना दोनदा हरवलंय, त्यामुळे बरोबरी झाली तरी डिव्हिजन आपलं. उरले जायंट्स (२-१२) या रविवारी घरी, कमांडर्स (९-५) २९ ला त्यांच्याकडे, पँथर्स (३-११) ५ जानेवारीला घरी.

मग रविवारी आपला राखीव, नवखा क्वार्टरबॅक पेनिक्सला उतरवायचं का? ‘एवढे पैसे ओतलेत’ किंवा ‘पोराला संधी द्या’ असली उत्तरं नकोत. खेळात नक्की काय बिघडलंय आणि पेनिक्स आल्याने ते सुटतं का, तेवढं सांगा.

थर्ड_अँड_लाँग

बिघाड हातात नाही, पायात आहे. २९ ऑक्टोबर २०२३ ला ग्रीन बेमध्ये कझिन्सचा उजवा अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) तुटला. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा तो मागचा पाय. ड्रॉपबॅकचं (फेकायला मागे सरकण्याचं) शेवटचं पाऊल त्याच्यावर रोवायचं, आणि थ्रोचा जोर तिथून कंबरेत, कंबरेतून खांद्यात चढतो. तो पाय जमिनीला नीट रेटत नसेल तर थ्रो नुसत्या हाताने होतो. पाच-सात यार्डांच्या पासला हे जाणवत नाही. अठरा यार्डांच्या डिगला (रेसिव्हर पुढे जाऊन मधे वळतो तो रूट) किंवा साइडलाइनकडच्या आऊटला बॉल किंचित उशिरा पोचतो, थोडा तरंगतो, आणि तेवढ्यात कॉर्नर (रेसिव्हरला राखणारा बचावपटू) रेसिव्हरच्या पुढून घुसतो. चार्जर्सच्या मॅचमधलं एक इंटरसेप्शन तर टार्हीब स्टिलने थेट एंड झोनमध्ये नेलं.

दुसरी गोष्ट बूटलेगची. आधी मिनेसोटा व्हायकिंग्जकडे असताना त्याचा निम्मा धंदा प्ले-ॲक्शनवर चालायचा: सेंटरला चिकटून उभं राहायचं, पाठ फिरवून रनिंग बॅकला बॉल दिल्याचं नाटक करायचं, मग उलट्या बाजूला पळत फेकायचं. इथे ऑफेन्सचा कोच झॅक रॉबिन्सनने त्याला बऱ्याचदा पिस्टलमध्ये ठेवलाय, म्हणजे सेंटरच्या साधारण चार यार्ड मागे आणि बॅक त्याच्याही मागे. यात मोठा ड्रॉप घ्यावा लागत नाही आणि रनिंग बॅक बिजानला दोन्ही बाजूंना धावता येतं, हा फायदा. पण हा माणूस पॉकेट (लाइनने राखलेली जागा) सोडून कुठे जात नाही हे आता सगळ्या लीगला ठाऊक झालंय. एजचा (कडेने चाल करणारा) रशर बूटलेगची फिकीर न करता सरळ आत येतो, लाइनबॅकर त्या नाटकाला फसत नाहीत, मागे सरकून मधली खिडकी बंद करतात. आपले रेसिव्हर लंडन आणि मूनी मोकळे होतात ते नेमके तिथेच.

‘थोडी विश्रांती द्या, सुधारेल’ म्हणणाऱ्यांसाठी: बाय (सुट्टीचा आठवडा) बाराव्या आठवड्यात होऊन गेला. चार इंटरसेप्शन्सची मॅच त्याच्या लगेच नंतरची. बसवा.

जांभळी_पट्टी

व्हायकिंग्जवाला आहे, मध्ये तोंड घालतोय. पायाचं निदान पटलं, उपाय नाही.

२०१७ चे बिल्स आठवा. ५-४ वर असताना टायरॉड टेलरला बसवून नेथन पीटरमनला उतरवला. चार्जर्सविरुद्ध पहिल्या हाफमध्येच पाच इंटरसेप्शन्स, मॅच ५४-२४ गेली. टेलर परत आला आणि बिल्सनी १७ वर्षांचा प्लेऑफचा दुष्काळ त्याच्याच जिवावर संपवला. २००४ चे जायंट्स घ्या. ५-४ वर असताना कर्ट वॉर्नरला काढून ईलाय मॅनिंगला आणला, त्याने पहिल्या सहाच्या सहा मॅच हरल्या. पुढे तो काय झाला ते सोडा, तो हंगाम गेला ना? तुम्ही डिव्हिजनपासून एका मॅचवर आहात. आणि पेनिक्सने लीगमध्ये आजवर फेकलेत किती? ५ पैकी ३ पास, ३८ यार्ड, तेही निकाल लागून गेलेल्या मॅचमध्ये.

मी असतो तर कालचाच प्लॅन घट्ट धरला असता. पास वीसच्या आत, बिजान आणि दुसरा रनिंग बॅक ऑलजियर मिळून तीसच्या पुढे कॅरी (बॉल घेऊन धावणं), पहिल्या डाऊनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतल्या पहिल्याला) धावायचं म्हणजे थर्ड डाऊनला चार-पाच यार्डच उरतात. मग लांबचा थ्रो लागतोच कशाला? जायंट्सच्या बचावाला यंदा इंटरसेप्शन्स फारशी मिळालेलीही नाहीत.

थर्ड_अँड_लाँग

१७ पासात एक इंटरसेप्शन गेलंच की. आणि तो प्लॅन १० पॉइंटांनी पुढे असताना चालतो. वॉशिंग्टनमध्ये कमांडर्सच्या जेडन डॅनियल्सने दोन टचडाऊनची आघाडी घेतली की पास वाढवावेच लागतील, तेव्हा काय? पीटरमन ड्राफ्टच्या पाचव्या फेरीतला होता, पेनिक्स एकूण आठवा पिक आहे. दोघांना एका तागडीत घालू नका.

कॅप_हिशेब

पैशांचं कोणी नीट बोलत नाहीये, म्हणून थोडक्यात. कझिन्सचा करार ४ वर्षं, १८ कोटी डॉलर, त्यातले १० कोटी हमीचे. २०२५ चा २.७५ कोटींचा पगार पूर्ण हमीचा आहे. साइनिंग बोनस ५ कोटी, तो कॅपवर (टीमच्या पगारखर्चाच्या मर्यादेत) दरवर्षी १.२५ कोटी असा पसरलाय. म्हणजे पुढच्या वर्षी कॅपवर त्याचे ४ कोटी. मार्चमध्ये सोडला तर उरलेला बोनस ३.७५ आणि पगार २.७५ असे मिळून ६.५ कोटींचा डेड कॅप (टीममध्ये नसलेल्या खेळाडूपोटी अडकलेली रक्कम). १ जूननंतरचा कट दाखवला तर २०२५ मध्ये ४ आणि बाकीचे २०२६ मध्ये. शिवाय मार्चमध्ये लीगचं नवं वर्ष सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी तो टीममध्ये असेल तर आणखी १ कोटी पक्के होतात.

गेल्या वर्षी डेन्व्हरने रसेल विल्सनला बसवला तेव्हा ३.७ कोटींची दुखापतीची हमी (जखमी झाला तर द्यावेच लागणारे पैसे) डोक्यावर होती. गेल्या महिन्यात जायंट्सनी डॅनियल जोन्सला बसवला त्यामागेही तसलीच २.३ कोटींची हमी. इथे मोठी रक्कम आधीच गेलेली आहे. कझिन्स खेळला काय, हातात टॅब्लेट घेऊन बसला काय, तेवढेच द्यायचे. त्यामुळे पैसा या निर्णयात कुठल्याच बाजूने मोजू नका. मोजायचंच असेल तर हे मोजा: पहिल्या फेरीतल्या पोराचा स्वस्त करार चार वर्षांचा असतो, पाचवं ऑप्शनचं. पेनिक्सचं त्यातलं एक जवळजवळ संपलं.

हिंजवडी_हडल

एक बाळबोध प्रश्न. कझिन्सला सुरुवात करू द्या, दोन इंटरसेप्शन्स पडली की पेनिक्स, असं का नाही करत? आणि पेनिक्सचंही बिनसलं तर तिसरा आहेच ना?

स्काउट_टीम

तिसऱ्याचं आधी. २०२३ पासूनच्या नियमाने इमर्जन्सी क्वार्टरबॅक मैदानात येतो तो पहिले दोघे जखमी झाले किंवा बाहेर काढले गेले तरच. वाईट खेळतायत म्हणून त्याला आणता येत नाही.

आता ‘अर्ध्यात बदलू’ का फसतं ते. आठवड्याच्या सरावात पहिल्या टीमबरोबरचे जवळजवळ सगळे स्नॅप (प्ले) स्टार्टरला मिळतात. दुसरा असतो स्काउट टीमवर, म्हणजे तो कार्डावर बघून समोरच्या टीमचे प्ले आपल्याच बचावाविरुद्ध चालवतो. साधारण क्रम असा: बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाऊनचे प्ले, गुरुवारी थर्ड डाऊन आणि ब्लिट्झ (जादा बचावपटूंची चाल), शुक्रवारी रेड झोन (शेवटचे वीस यार्ड), शनिवारी वॉकथ्रू (चालत उजळणी). आपण सोमवारी रात्री खेळलोय, म्हणजे आठवडा एक दिवसाने आखूड. तेव्हा निर्णय आज रात्रीपर्यंत व्हायला हवा. गुरुवारी केला तर पेनिक्स थर्ड डाऊनचे प्ले अर्धवट घेऊन मैदानात जाईल, आणि नवख्याचा जीव तिथेच जातो. कोल्ट्सनी रिचर्डसनला बसवून फ्लॅकोला आणला, त्याने सुरू केलेल्या दोन्ही मॅच हरल्या आणि तिसऱ्या आठवड्यात परत रिचर्डसन. असं हेलकावे खात राहिलं की ओ-लाइनला (क्वार्टरबॅकला राखणाऱ्या लाइनला) कोणाच्या केडन्सवर (स्नॅपआधीच्या हाकेवर) सुटायचं तेच कळत नाही आणि फॉल्स स्टार्टचे (आधीच हलल्याचे) झेंडे पडतात.

केडन्सवरून आठवलं, पेनिक्स डावखुरा आहे. कझिन्सची पाठ डाव्या टॅकलकडे (लाइनच्या कडेच्या गड्याकडे), म्हणजे जेक मॅथ्यूजकडे असते. पेनिक्सची असेल उजव्या टॅकलकडे, कॅलेब मॅकगॅरीकडे. मॅकगॅरी रन ब्लॉकिंगला दणकट, पण वेगाने बाहेरून वळून येणाऱ्या रशरपुढे त्याचे पाय कमी पडतात. त्याच्या शेजारी गार्ड लिंडस्ट्रॉम आहे म्हणून आतली बाजू निर्धास्त. बाहेर मात्र टाइट एंड वर्नरला नाहीतर ऑलजियरला चिप करायला (रशरला धक्का द्यायला) ठेवावं लागेल, म्हणजे रूटवर पळणारा एक गडी कमी. बूटही आता डावीकडे धावायचे. बॉलची फिरकी उलटी, त्यामुळे लांबच्या पासला तो शेवटी दुसऱ्या अंगाला वळतो. खोलवर धावणाऱ्या मूनीला आणि पिट्सला सरावानंतर थांबून त्याच्याकडून वेगळे झेल घ्यावे लागतील.

माझं मत: पेनिक्सला उतरवा, पण खेळवायचा तर तिन्ही मॅच. पँथर्सनी ब्राइस यंगला दोन मॅचनंतर बसवला होता. परत आल्यावर तो बरा दिसतोय, कारण परत आल्यावर त्याला सलग खेळवलाय.

जांभळी_पट्टी

मॅकगॅरीच्या मुद्द्यावरच मी म्हणतो की नको. पेनिक्स कॉलेजला इंडियानात असताना त्याचे चार हंगाम दुखापतींनी अर्ध्यावर गेलेत, दोनदा तर गुडघ्याचं एसीएल (लिगामेंट).

स्काउट_टीम

खरंय. पण नंतर वॉशिंग्टन विद्यापीठात तो दोन्ही हंगाम पूर्ण खेळला, आणि त्याचं कारण त्याची सवय: बॉल चटकन सोडतो, सॅक (बॉलसकट पाडलं जाणं) खात बसत नाही. त्या कॉलेजची ओ-लाइन देशात अव्वल होती हेही धरा, इथे तेवढा वेळ मिळणार नाही.

लाल_काळा
मंगळवार, रात्री

लागला निकाल. मुख्य कोच रहीम मॉरिसनी जाहीर केलं, रविवारी पेनिक्स. आता बघायचं काय तेवढं सांगा.

थर्ड_अँड_लाँग

सुरुवातीचे पंधराएक प्ले आधीच लिहून ठेवलेले असतात, त्यांवरून काही ठरवू नका. ते संपल्यावर, दुसऱ्या क्वार्टरपासून बघा. प्ले क्लॉकवर १५ सेकंद उरले की कोचचा आवाज हेल्मेटमध्ये बंद होतो. पुढे ‘माइक’ (मधला लाइनबॅकर) कोण ते दाखवून प्रोटेक्शन वळवणं पेनिक्सचं एकट्याचं काम. हडल उशिरा सुटत असेल आणि घड्याळ दोन-तीनवर आल्यावर स्नॅप होत असेल तर समजा, डोक्यावर ओझं जास्त झालंय. जायंट्सचा डेक्स्टर लॉरेन्स जखमी आहे, त्यामुळे मधून धोका कमी. त्यांचा रशर ब्रायन बर्न्स मॅकगॅरीसमोर उभा राहिला की वर्नर कुठे आहे ते शोधा. आणि पेनिक्सची यार्ड मोजत बसू नका. मधल्या खिडकीतला तो अठरा यार्डांचा डिग वेळेवर पोचतो का, तो बघा. पोचला तर लाइनबॅकर मागे सरकतील आणि बिजानला पुढे जागा मिळेल.

स्काउट_टीम

पहिलं इंटरसेप्शन पडल्या पडल्या ‘कझिन्सला आणा’ म्हणून इथे धावत येऊ नका. रेसिव्हरच्या हातावर आपटून उडालेलं आणि कव्हरेज न ओळखता फेकलेलं, स्टॅटशीटवर दोन्ही सारखीच दिसतात. रीप्ले बघा, मग या.

हिंजवडी_हडल

आमच्याकडे रविवारी रात्री साडेअकराला किकऑफ. सोमवारचं ऑफिसचं स्टँडअप गेलं खड्ड्यात.