मदत हवी आहे : अदृश्य स्कार्लेटच्या मूळ चित्रपट्ट्या कोठे पाहता येतील?

रसेल स्टॅम यांनी ‘शिकागो टाइम्स’मध्ये ३ जून १९४० रोजी सुरू केलेल्या ‘इन्व्हिजिबल स्कार्लेट ओ’नील’ या चित्रमालिकेच्या पहिल्या वर्षातील दैनिक पट्ट्या (वृत्तपत्रात रोज छापली जाणारी चौकटींची ओळ) मी शोधत आहे. शास्त्रज्ञ वडिलांच्या प्रयोगातील किरणामुळे शक्ती मिळालेली स्कार्लेट मनगटावरील नस दाबून अदृश्य होते आणि पुन्हा दाबून दिसू लागते. वंडर वुमन १९४१ साली अवतरण्याआधीची ही नायिका, तिला ना मुखवटा ना खास पोशाख, आणि तरीही ती आज विस्मरणात जावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘फेमस फनीज’ या कॉमिक पुस्तकमालिकेतील पुनर्मुद्रणे मी पाहिली आहेत, परंतु पुस्तकाच्या पानात बसवताना चौकटींची मूळ मांडणी बदलत असल्याने, अदृश्य व्यक्ती चित्रात दाखवण्याचा पेच स्टॅम यांनी दिवसागणिक कसा सोडवला, हे त्यांवरून अभ्यासता येत नाही. ‘डिक ट्रेसी’ या गुप्तहेर-चित्रमालिकेसाठी चेस्टर गोल्ड यांचे साहाय्यक म्हणून स्टॅम यांनी केलेल्या कामाचा ठसाही मला तपासायचा आहे.

ओहायो राज्य विद्यापीठाच्या बिली आयर्लंड व्यंगचित्र संग्रहालयात वृत्तपत्रीय कात्रणांचा प्रचंड साठा आहे. तेथे किंवा शिकागोतील ग्रंथालयांत मायक्रोफिल्म (जुन्या वृत्तपत्रांच्या पानांची फिल्मवरील लहान छायाचित्रे) पाहिलेल्या कोणी, दूरस्थ वाचकाने प्रती कशा मागवाव्यात आणि साधारण किती खर्च येतो, हे कृपया सांगावे.