गस्तीच्या रोबोंसाठी गाया की प्रोमिथियस?

खटपट्या: मंडळी, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. गोदामात रात्री गस्त घालणारे तीन रोबो, आरओएस २ (रोबोंसाठीची सॉफ्टवेअर चौकट) वर. गाइड म्हणतात, मल्टी-एजंट पद्धतीने डिझाइन करा, म्हणजे स्वतः ठरवणारे आणि एकमेकांशी बोलणारे प्रोग्रॅम (एजंट) धरून. प्रत्येक रोबोत कॅमेरा, लिडार, मोटर आणि बॅटरी असे चार एजंट धरलेत. ठीक आहे का? आणि डिझाइनची पद्धत कोणती घेऊ, गाया की प्रोमिथियस?

रातपाळी: पद्धतीचं नंतर बघू, आधी ते चार एजंट मोडीत काढ. लिडार काही ठरवत नाही, लेझरने नुसतं अंतर मोजतो. त्याला आरओएसमधला साधा नोडच (एक काम करणारा प्रोग्रॅम) राहू दे. खांब चुकवायचं काम नॅव्ह२ चं, म्हणजे आरओएसमधल्या वाट काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं. त्यात एजंटांची बोलाचाली घुसवलीस तर आधी रोबो आपटेल, मग निरोप पोचेल. एका रोबोला एक एजंट पुरे.

पद्धत प्रोमिथियस घे. मेलबर्नच्या आरएमआयटीतले पॅडघम आणि विनिकॉफ यांची. उद्दिष्टं आणि प्रसंगांपासून निघून ती एजंटने नेमकं काय करायचं त्या प्लॅनपर्यंत उतरते. २००० सालची गाया एजंटांच्या भूमिका झकास मांडते, पण एजंटच्या आत काय ते तुझं तू बघ म्हणते. परीक्षक नेमकं तेच विचारतात.

आता प्रसंग लिही. पूर्वेच्या शटरपाशी हालचाल दिसली, जवळचा रोबो चार्जिंगला लागलाय, उरलेले दोघे लांब. कोण जाणार? इथे रीड स्मिथचं १९८० चं कॉन्ट्रॅक्ट नेट चपखल बसतं: काम पुकारायचं, बोल्या घ्यायच्या, एकाला द्यायचं. बोलीत अंतर धर, आणि परत चार्जरपर्यंत पोचण्याइतकी बॅटरीही. खरी गोम पुढे आहे. काम घेतलेला रोबो लोखंडी रॅकांच्या गल्लीत शिरला की वायफाय गुल. मग तो शटरपाशी पोचला की वाटेत अडकला, बाकीच्यांना कळणार कसं? ठरावीक वेळात हाक आली नाही तर काम पुन्हा पुकारायचं, हे डिझाइनमध्येच हवं. शटरपाशी दोन रोबो पोचले तर पोचू देत. एकही न पोचणं परवडत नाही.

नटबोल्ट: एवढा घाट कशाला? बिहेविअर ट्री (रोबोने कधी काय करायचं याची झाडासारखी मांडणी) लिही, मोकळा हो. नॅव्ह२ आतून तेच वापरतं.

रातपाळी: एकच रोबो असता तर मीही हेच म्हटलं असतं. तिघांत काम वाटायचं म्हटलं की बोली आणि टाइमआउट आलेच, ट्री लिहा नाहीतर आणखी काही.

खटपट्या: कोडसाठी एजंट लिहायचं साधन कोणतं, जेड की जेसन?

रातपाळी: जेसन. प्रोमिथियसचे प्लॅन त्यात जवळपास जसेच्या तसे उतरतात. जेड निरोप पोचवायला उत्तम, पण प्लॅन निवडायचं डोकं तुला घालावं लागेल. दोन्ही जावातले आहेत, तेव्हा आरओएसशी जोडायला रॉसब्रिज हा मधला पूल लागेल. ते आधी चालवून बघ, डायग्रॅम नंतर रंगव.