३१ ऑगस्टला आंत्वान उबेरची स्मृतिसभा: सुरक्षेचं प्रात्यक्षिक कसं ठेवावं? (नाशिक)

गोदाकाठी

मंडळी, ३१ ऑगस्ट जवळ येतोय. २०१९ साली याच दिवशी बेल्जियममधल्या स्पा-फ्रँकोरशाँ सर्किटवर फॉर्म्युला टूच्या (फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीच्या) शर्यतीत फ्रेंच चालक आंत्वान उबेर गेला. वय २२. आदल्याच वर्षी त्याच्याही खालच्या जीपी थ्री मालिकेचा विजेता होता. दुसऱ्या दिवशी फॉर्म्युला वनच्या शर्यतीत एकोणिसाव्या फेरीला प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते, कारण त्याच्या गाडीचा क्रमांक १९. ती शर्यत लहानपणापासूनचा दोस्त शार्ल लक्लेरने जिंकली. त्याचा फॉर्म्युला वनमधला हा पहिलाच विजय, आणि तो त्याने आंत्वानला वाहिला.

सातपूरला एका वर्कशॉपमध्ये संध्याकाळी जमायचं ठरलंय. फोटो, हार, दोन मिनिटं स्तब्धता हे सगळं होईल. पण दिवाळीनंतरच्या ऑटोक्रॉसला (मैदानावरच्या कच्च्या ट्रॅकवरच्या शर्यतीला) पहिल्यांदा गाडी घालणारी बरीच पोरं येणार आहेत, काहींचे आईवडीलही. नुसती श्रद्धांजली वाहून सगळ्यांना घरी पाठवणं मनाला पटत नाही. तासाभराचं प्रात्यक्षिक ठेवलं तर नेमकं काय दाखवावं? आणि असे अपघात का होतात, ते आईवडिलांना समजेल असं कोणी लिहील का? काही जणांची सूचना आहे की गंगापूर रोडवरून गाड्यांची फेरी काढावी. त्याबद्दलही सांगा.

तिसरा गिअर

आईवडिलांचं आधी घेतो. "वेगात होता, गेला" असं सांगू नका, ते अर्धवट आहे.

उबेरच्या बाबतीत क्रम असा होता. सर्किटवरच्या राडियों नावाच्या चढावर पुढची एक गाडी ताबा सुटून कठड्याला लागली. तिच्या मागच्याने वेग कमी केला. त्याला चुकवताना उबेरचा पुढचा विंग तुटला आणि तो सुमारे २६२ किमी वेगाने कठड्यावर गेला. एफआयएच्या (मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या) चौकशीत या पहिल्या धडकेचा आकडा ३३.७ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ३३.७ पट, आला. कठड्याने गाडी परत फेकली, ती आडवी झाली. तेवढ्यात हुआन मॅन्युएल कोरेया आला. रस्त्यावरच्या तुकड्यांवरून गेल्यामुळे त्याचीही गाडी हाताबाहेर गेलेली होती. ती उबेरच्या गाडीच्या कुशीत २१८ किमी वेगाने घुसली. या धडकेचा आकडा ८१.८ जी. झेंडेवाल्यांनी पिवळा झेंडा (पुढे धोका, वेग कमी करा) वेळेत दाखवला होता, पण मधे काही करायला अवधीच नव्हता. चढाच्या माथ्यापलीकडचं चालकाला दिसत नाही.

१ जुलै २०२३ ला त्याच सर्किटवर डिलानो व्हॅन्ट हॉफ गेला, वय १८. पाऊस, पुढच्या गाड्यांनी उडवलेल्या पाण्यात काही दिसत नाही, गाडी रस्त्यात आडवी आणि मागून दुसरी कुशीत.

फॉर्म्युला वनच्या ज्यूल बियांकीचं वेगळं वाटतं, पण मुळात तेच आहे. ५ ऑक्टोबर २०१४, जपानमधलं सुझुका, भर पाऊस. एक गाडी घसरून बाहेर गेलेली, ती उचलायला क्रेन आत आलेली, दुहेरी पिवळे झेंडे चालू. पुढच्या फेरीत बियांकी त्याच जागी घसरला आणि १२६ किमी वेगाने थेट क्रेनवर. गाडी ७०० किलोची, क्रेन ६५०० किलोची. एवढ्या बलापुढे कॉकपिट झाकून किंवा क्रेनला खालून पडदे लावून उपयोग झाला नसता, असं चौकशी समितीनेच लिहिलं. नऊ महिने बेशुद्ध राहून १७ जुलै २०१५ ला तो गेला, वय २५. त्याचा १७ क्रमांक फॉर्म्युला वनने कायमचा निवृत्त केला आणि २०१५ पासून व्हर्च्युअल सेफ्टी कार आली, म्हणजे धोका असला की सगळ्यांना ठरलेल्या कमी वेगाने चालवायला लावणारी पद्धत. आता सगळ्या ट्रॅकवर वेग उतरवायचा की नाही, हे एकट्या चालकाच्या अंदाजावर सोडलेलं नाही.

उलट उदाहरणही सांगा. २९ नोव्हेंबर २०२०, बहारीन. फॉर्म्युला वनचा रोमां ग्रोजाँ ६७ जीच्या धक्क्याने लोखंडी कठडा फाडून आत घुसला, गाडी पेटली, २७-२८ सेकंदांनी स्वतःच्या पायांनी बाहेर आला. कॉकपिटवरच्या टायटॅनियमच्या कमानीने, म्हणजे हेलोने, डोकं वाचवलं, खांद्यावर बसून हेल्मेट पट्ट्यांनी धरणाऱ्या हॅन्सने मान, आणि अंगावरच्या सूटने कातडी.

गाडी घसरणं हा या खेळाचा भाग आहे. जीव जातो तो बहुतेकदा घसरल्यानंतर जे आडवं येतं त्याने. म्हणून मुलांना मैदानाचा नकाशा द्या, प्रत्येक वळणावर बोट ठेवायला लावा आणि विचारा: इथे ब्रेक लागलेच नाहीत तर गाडी कुठे जाईल, आणि तिथे काय उभं आहे? बाभळीचं झाड, विजेचा खांब, शेताच्या कुंपणाचा दगडी खांब, जनरेटर, पार्क केलेला टेम्पो. २०२३ च्या एप्रिलमध्ये क्रोएशियात सरावाच्या वेळी रॅली चालक क्रेग ब्रीन गेला, तो कुंपणाचा खांब खिडकीतून आत आल्यामुळे.

पाना नंबर १३

तिसरा गिअर, छान लिहिलंत. मी अंगावरच्या आणि सीटभोवतीच्या वस्तूंचं सांगतो.

हेल्मेट. मोटारसायकलचं आयएसआय हेल्मेट घालून पोरं येणारच. समोर टेबलावर दोन्ही प्रकार ठेवा. कारच्या शर्यतीचं, म्हणजे स्नेल एसए २०२० किंवा एफआयए ८८५९ चं लेबल असलेलं हेल्मेट, रोल केजच्या (गाडी उलटली तर छप्पर तोलणाऱ्या आतल्या पाइपांच्या पिंजऱ्याच्या) पाइपसारख्या गोल लोखंडावर पुन्हा पुन्हा आपटून तपासलेलं असतं, आतलं कापड आगीला टिकतं, आणि हॅन्सचे पट्टे अडकवायला एम ६ चे आटे असतात. बाइकच्या हेल्मेटला यातलं काही नाही. त्याला घरी भोक पाडून हॅन्सची बटणं बसवायची कल्पना कोणी काढली तर तिथेच थांबवा, कवच त्या जागी कमजोर होतं. लेबल आतल्या अस्तराखाली असतं, ते उचलून दाखवा. नसेल तर हेल्मेट बाद. त्या वर्षी कोणतं मानक चालतं, ते एफएमएससीआयच्या (भारतातल्या मोटारस्पर्धांच्या संघटनेच्या) नियमपुस्तकात बघून घ्या.

मापाची चाचणी सोपी आहे. हनुवटीचा पट्टा आवळायचा, मागची खालची कड धरून हेल्मेट पुढे लोटायचं. निघालं तर मोठं आहे. टाकीवरून फरशीवर पडलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसतं, पण आतलं थर्माकोल एकदा दबलं की परत फुगत नाही.

हॅन्स. अंग बेल्टने जागीच धरलेलं असतं, डोकं हेल्मेटसकट पुढे जातं आणि कवटीच्या बुडाशी तडा जातो. २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये सक्तीचं आहे ते याचसाठी. आपल्या बंद गाड्यांत सीट उभी असते, तिथे २० अंशांचं मॉडेल लागतं. सिंगल सीटरचं (एका चालकाच्या उघड्या शर्यती गाडीचं) ३० अंशांचं स्वस्तात मिळालं म्हणून घेऊ नका, खांद्यावर नीट बसणार नाही.

बेल्ट. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. मांडीचा पट्टा पोटावर नाही, खाली कमरेच्या हाडावर. खांद्याचे पट्टे सीटमागे जाताना आडव्या रेषेपासून १० ते ४५ अंश खाली असावेत, आणि हॅन्स असेल तर १० च्या जवळ. मागच्या सीटच्या फ्लोअर बोल्टला बांधले की कोन फार उतरता होतो आणि धडकेत पट्टा मणक्याला खाली दाबतो. शिवाय पट्टा जितका लांब, तितका जास्त ताणला जातो. म्हणून केजला मागे आडवी पट्टी हवी. नुसत्या पत्र्याला वायसर लावून बोल्ट ठोकलेला दिसला तर गाडी परत पाठवा. खालून किमान ४० चौ. सेंमी क्षेत्रफळाची, ३ मिमी जाडीची प्लेट पाहिजे. पट्ट्यावर 'नॉट व्हॅलिड आफ्टर' लिहून वर्ष छापलेलं असतं. उन्हात रंग उडालेला, कडेचा धागा सुटलेला पट्टा त्या वर्षाआधीच गेला समजा.

कपडे: पॉलिएस्टरचा टी-शर्ट सूटच्या आत घालू नका, वितळून अंगाला चिकटतो.

अग्निशामक सिलिंडर: दोन किलोचा, दर दोन वर्षांनी तपासलेला, धातूच्या दोन पट्ट्यांनी, हाताने झटक्यात सुटेल असा. प्लास्टिकच्या क्लिपवर नको. २५ जीच्या धडकेत दोन किलोच्या औषधाचाच भार पन्नास किलोंइतका होतो, बाटलीचं वजन वेगळं, आणि ते सगळं चालकाच्या डोक्याच्या दिशेने सुटतं.

गोदाकाठी

फार उपयोगी. एक अडचण: तीन-चार मुलांनी चार टोकांचे बेल्ट आधीच आणलेत, घरच्या गाडीत, कंपनीच्या सीटवर बसवायला. केज नाही. सरावापुरते चालतील का?

पाना नंबर १३

नाही. चार टोकांच्या बेल्टला पायांमधला पट्टा नसतो. समोरून धडक बसली की खांद्याचे पट्टे मांडीच्या पट्ट्याला वर ओढतात, कंबर खालून सरकते आणि पट्टा पोटात रुततो. यकृत, प्लीहा तिथेच आहेत. दुसरं, केज नसलेली गाडी उलटली आणि छप्पर बसलं तर कंपनीच्या तीन टोकांच्या बेल्टमध्ये अंग निदान बाजूला झुकतं, या बेल्टमध्ये ताठच राहतं. केज, बकेट सीट, सहा टोकांचा बेल्ट, हॅन्स हा एकच संच आहे. पैसे साठेपर्यंत कंपनीचा बेल्ट ठेवा.

वेल्डिंग टेबल

केजचं मी घेतो. अंबड-सातपूरला पाइप वाकवून देणारे चांगले कारागीर आहेत, पण त्यांना काय सांगायचं ते गिऱ्हाइकाला माहीत नसतं. चालकाच्या मागची मुख्य कमान ४५ बाय २.५ मिमी किंवा ५० बाय २ मिमी (बाहेरचा व्यास बाय जाडी), कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे बिनसांध्याचा पाइप. बाकीचे पाइप ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. दुकानदाराकडून मिल सर्टिफिकेट (पाइप बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला) मागा. पाण्याचा जीआय पाइप आणि फर्निचरचा ईआरडब्ल्यू (वेल्डच्या सांध्याचा) पाइप दिसायला तसाच असतो, पण वाकवताना आतल्या बाजूला सुरकुती पडते आणि उलटताना केज तिथेच मोडते. जीआयवरच्या जस्तामुळे वेल्डही सच्छिद्र होतो.

पायाखाली बॉडीला वेल्ड केलेली प्लेट किमान ३ मिमी जाड आणि १२० चौ. सेंमी, मुख्य कमानीला प्रत्येक पायाला किमान तीन एम ८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे. वेल्ड पाइपभोवती पूर्ण फिरलेला हवा. छताला लागून असलेल्या सांध्यावर वेल्डिंगची टॉर्च जात नाही, म्हणून बरेच जण वरची बाजू तशीच सोडतात आणि रंग मारतात. आरसा घालून बघा. बरोबर रीत अशी: फ्लोअरला भोकं पाडून केज खाली उतरवायची, वरचे सांधे मारायचे, मग उचलून खाली प्लेटा लावायच्या. स्क्रुटिनी (शर्यतीआधीची गाडीची तपासणी) होईपर्यंत रंग नको, हे पोरांना आधीच बजावा.

आणि रोजच्या वापराच्या गाडीत शोभेसाठी केज लावू नका. हेल्मेटशिवाय डोक्याशेजारी लोखंडी पाइप घेऊन बसणं म्हणजे साध्या ठोकरीत कवटी फुटणं.

पिवळा झेंडा

गाड्यांच्या फेरीबद्दल: नको, कृपा करून नको. ज्या मुलाच्या नावाने जमायचं, त्याच्या नावाने रस्त्यावर स्पर्धा लागली तर? सुरुवात शिस्तीत होते, पुढे कोणीतरी ओढतोच. सरकारच्या परवानगीशिवाय शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते बाजूला ठेवलं तरी संध्याकाळी त्या रस्त्यावर चालणारी माणसं असतात.

आता मैदान. सुझुकाचा धडा आपल्याकडे थेट लागू होतो, कारण आपल्याकडेही फसलेली गाडी ट्रॅक्टर किंवा जेसीबीनेच ओढतात. ट्रॅक्टर आत म्हणजे लाल झेंडा, सगळ्या गाड्या उभ्या, मग ट्रॅक्टर. पिवळ्यावर भागवायचं नाही. दोन गाड्या समांतर ट्रॅकवर सोडता तेव्हा तर नाहीच. ट्रॅक्टर बाहेर आला, ओढायचा हूक काढला, ड्रायव्हरने हात वर केला, की मग हिरवा.

टायरचे ढीग नुसते रचू नका. सुटा टायर उडून प्रेक्षकांत जातो, किंवा गाडीचं नाक दोन ढिगांच्या मधून आत शिरतं. टायर एकमेकांना नट-बोल्टने जोडा, समोर जुना कन्व्हेयर बेल्ट लावा म्हणजे गाडी अडकून उलटी न फिरता घसरत जाते. प्रेक्षकांना वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं करू नका. लाल-पांढरी फीत गाडी थांबवत नाही. उन्हाळ्यात धूळ हे आपलं 'स्पा' आहे: पुढचा फिरला तर मागच्याला दिसतच नाही. दर फेरीगटानंतर टँकरने पाणी मारा आणि धूळ बसेपर्यंत पुढची गाडी सोडू नका, वेळापत्रक कितीही लांबलं तरी.

रॅली करणाऱ्यांसाठी एवढंच: गाडी थांबली की त्रिकोण मागे किमान ५० मीटरवर, कोणी जखमी नसेल तर 'ओके' पाटी लगेच. लाल 'एसओएस' (मदत हवी) पाटी दिसली तर मागून येणाऱ्याने थांबायचंच, वेळ गेली तरी.

स्टेथो

सभेला मुलांबरोबर हे करून घ्या. एका गाडीत एकाला हेल्मेट, बेल्टसकट बसवा आणि म्हणा, हा बेशुद्ध आहे.

आधी मास्टर स्विच, म्हणजे गाडीची सगळी वीज तोडणारा. निळ्या त्रिकोणातली लाल वीज कुठे आहे ते सगळ्यांना शोधायला लावा. मग त्याच्याशी समोरून बोला, बाजूने हाक मारली की तो मान वळवतो. एकाने डोकं दोन्ही हातांनी जागीच धरायचं आणि दुसरा येईपर्यंत सोडायचं नाही. आग नसेल आणि श्वास चालू असेल तर ओढून काढू नका, मानेची कॉलर आणि प्रशिक्षित माणूस येऊ द्या. आपल्या लोकांचा जीव कळवळतो आणि चौघे मिळून हातपाय धरून बाहेर ओढतात. मोडलेल्या मानेला नेमकं तेवढंच पुरतं. आग असेल किंवा श्वास थांबला असेल तर मात्र लगेच बाहेर. हेल्मेट दोघांनीच काढायचं: एक खालून मान आणि जबडा धरतो, दुसरा पट्टा सोडवून कडा बाहेर ताणत हेल्मेट सरळ वर घेतो. हॅन्सचे पट्टे आधी सोडा.

अॅम्ब्युलन्स मैदानावर उभी हवी. १०८ ला फोन लावून वाट बघणं हा बेत नव्हे. ती पेशंट घेऊन निघाली की दुसरी येईपर्यंत शर्यत बंद. सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन दोन्ही हजर असलेलं हॉस्पिटल आधी ठरवा, आदल्या दिवशी कळवा, आणि द्वारका, मुंबई नाका हे गर्दीचे चौक टाळून जाणारा दुसरा रस्ता ड्रायव्हरला दाखवून ठेवा.

डोक्याला मार लागून गरगरलेला, तोच प्रश्न पुन्हा विचारणारा मुलगा त्या दिवशी परत गाडीत बसणार नाही. तो "मी ठीक आहे" म्हणेलच, त्याचं ऐकू नका. हे आईवडिलांसमोर मोठ्याने सांगा, कारण रात्री घरी त्यांनाच बघायचंय: वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, उठवल्यावर नीट जाग न येणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल.

आणि गोदाकाठी, प्रात्यक्षिकाला दारं काढलेली गाडी आणू नका. दार, केजची बाजूची पट्टी, बकेट सीटचे कान हे सगळं असू द्या. हात आत कसा घालायचा ते त्याशिवाय कळत नाही.