कोरड्या लेनसाठी परवडणारा बॉलिंग बॉल कोणता घ्यावा?

जळगावचा_दहावा_पिन

नमस्कार. मी जळगावात राहतो आणि गेली तीन वर्षे महिन्यातले दोन रविवार सकाळच्या गाडीने नाशिकला जाऊन टेनपिन बॉलिंग खेळतो. घरचे या प्रकाराला ‘चार तास गाडीत बसून गोटी ढकलायला जाणे’ म्हणतात. तो वाद सध्या बाजूला ठेवतो.

मागच्या वर्षी पुण्याच्या एका मित्राने त्याचा वापरलेला बॉल मला दिला. तो १५ पौंडांचा, सॉलिड रिअ‍ॅक्टिव्ह जातीचा (लेनला घट्ट धरून खूप वळणाऱ्या कवचाचा) आहे आणि हाताला किंचित खरखरीत लागतो. स्पर्धेसाठी तेल घातलेल्या लेनवर तो मित्राच्या हातून किती सुरेख वळतो, हे मी स्वतः पाहिले आहे. मी खेळतो त्या लेनवर मात्र तो लेनवर रंगवलेले बाण ओलांडतो न ओलांडतो तोच डावीकडे झुकू लागतो. मग एकतर थेट हेडपिनच्या, म्हणजे सर्वांत पुढच्या पिनच्या, नाकावर आदळून दोन टोकांना दोन पिन उभे ठेवतो, नाहीतर हेडपिनच्या पलीकडे डाव्या बाजूला निघून जातो. एखादवेळी पॉकेटमध्ये, म्हणजे हेडपिन आणि त्याच्या उजवीकडच्या पिनमधल्या फटीत, बरोबर शिरलाच, तरी त्याच्यात जोर उरलेला नसतो आणि दहावा पिन जागचा हलत नाही. माझे सदस्यनाम त्यावरूनच पडले आहे.

तिथल्या कर्मचाऱ्याला विचारले असता लेनला आठवड्यातून एकदाच तेल देतात, असे कळले. शनिवारची गर्दी होऊन गेल्यावर रविवारी आमच्या वाट्याला काय येत असेल, याची कल्पना करता येईल. पूर्ण गेम झाल्यावर बॉल पांढऱ्या पंचाने पुसला, तर पंचावर तेलाऐवजी काळसर धूळच दिसते. अशा लेनसाठी खिशाला परवडेल असा कोणता बॉल घ्यावा? मी उजव्या हाताने खेळतो, वेग मध्यम आहे आणि स्पर्धा खेळण्याचा तूर्तास विचार नाही.

धुळे_ते_पुणे

आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निदान करणे सोपे आहे. आपला बॉल वाईट नाही. तो आपल्या लेनसाठी फार बलवान आहे. या खेळात जास्त पैसे मोजून मिळते ते बहुतांशी जास्त वळण, आणि आपल्याला नेमके तेच नको आहे. कमी तेलावर खेळणाऱ्यासाठी स्वस्त बॉल हाच पुष्कळदा योग्य बॉल असतो. असा योग आपल्या छंदांमध्ये फारसा येत नाही, तेव्हा त्याचा लाभ घ्यावा.

कारण असे. फाउल लाइनपासून (जिच्या अलीकडून बॉल सोडतात त्या रेषेपासून) हेडपिनपर्यंत लेन ६० फूट लांब असते आणि तेल साधारणपणे पहिल्या ४० फुटांच्या आसपासच असते, तेही मधल्या बोर्डांवर (लेनच्या लांबीने जाणाऱ्या अरुंद पट्ट्यांवर) जास्त आणि कडांना कमी. बॉलने तेलावरून घसरत जावे, पुढच्या कोरड्या भागात वळावे आणि पिनपाशी पोहोचेपर्यंत वळणे संपवून सरळ लोळू लागावे, अशी अपेक्षा असते. तेलच नसेल तर खरखरीत पृष्ठभाग पहिल्या पंधरा-वीस फुटांतच लेनला चावतो, सगळी शक्ती तिथेच खर्च होते आणि पिनपाशी पोहोचतो तो थकलेला बॉल. आपला दहावा पिन उभा राहतो तो यामुळेच.

निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाहेरचे कवच. पॉलिएस्टर, म्हणजे ज्याला सगळे प्लास्टिक बॉल म्हणतात, तो सर्वांत कमी वळतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे सौम्य रिअ‍ॅक्टिव्ह. त्यात सॉलिड नको, पर्ल (मोत्यासारखी झाक असलेला) घ्यावा आणि कारखान्यातूनच पॉलिश होऊन आलेला घ्यावा. दुसरी गोष्ट आतला गाभा. बॉलच्या माहितीत ‘आरजी’ (वजन केंद्रापासून किती दूर पसरले आहे त्याचे माप) आणि ‘डिफरन्शियल’ (त्याचा अर्थ खाली येईल) असे दोन आकडे दिलेले असतात. यूएसबीसी या अमेरिकेतील बॉलिंग संघटनेच्या नियमाप्रमाणे आरजी २.४६ ते २.८० इंचांच्या दरम्यान असावा लागतो आणि डिफरन्शियल ०.०६० च्या वर जाता येत नाही. आपल्याला आरजी वरच्या बाजूचा आणि डिफरन्शियल शक्य तितके लहान हवे.

डिफरन्शियल म्हणजे काय, ते आपल्या सध्याच्या बॉलवरच पाहता येईल. कधी ताज्या तेलावर खेळण्याची संधी मिळाली, तर परत आलेला बॉल पुसण्याआधी दिव्याखाली धरावा. तेलाच्या पाच-सहा वर्तुळरेषा एकमेकींपासून थोड्या सरकलेल्या दिसतील, आणि दोन ठिकाणी त्या सगळ्या एकत्र येऊन छेदतील. प्रत्येक फेऱ्यात बॉलचा नवा, कोरडा भाग लेनला लागल्याची ती खूण आहे. प्लास्टिक बॉलवर त्या रेषा जवळजवळ एकीवर एकच पडतात. कोरड्या लेनवर ही दुसरी तऱ्हाच सोयीची.

नावेच हवी असतील, तर प्लास्टिकमध्ये कोलंबिया ३०० कंपनीचा व्हाइट डॉट हा जुना, भरवशाचा बॉल आहे. सौम्य रिअ‍ॅक्टिव्हमध्ये स्टॉर्मचा ट्रॉपिकल सर्ज पर्ल मला आपल्या कामाचा वाटतो, कारण त्याचा गाभा मुद्दाम साधा ठेवलेला आहे. ब्रन्सविकचा ऱ्हायनोही याच किमतीत येतो, मात्र तो ट्रॉपिकल सर्जपेक्षा थोडा अधिक वळतो. अमेरिकेत प्लास्टिकचा नवा बॉल साधारण ६० ते ९० डॉलरांना, हे प्राथमिक रिअ‍ॅक्टिव्ह १०० ते १४० डॉलरांना आणि वरच्या श्रेणीतले २०० डॉलरांच्या आसपास वा त्याहून अधिक किमतीला मिळतात. इथे येईपर्यंत त्यावर वाहतूक आणि सीमाशुल्क चढते, आणि सहा-सात किलोची वस्तू विमानाने आणायची म्हणजे वाहतूकही बॉलच्या तोडीची होते. म्हणून परस्पर मागवण्याआधी मोठ्या शहरातील प्रो शॉपमध्ये (बॉल विकणाऱ्या आणि त्यांना छिद्रे पाडून देणाऱ्या दुकानात) चौकशी करावी.

युरेथेन या तिसऱ्या प्रकारच्या कवचाबद्दल कोणी सुचवेल, म्हणून आधीच लिहितो. ‘कमी तेल म्हणजे युरेथेन’ हे समीकरण मला पटत नाही. युरेथेन वळतो संथपणे, पण फार लवकर वळू लागतो आणि किमतीलाही स्वस्त नसतो.

चटईवाला

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटयांच्या धंद्यात वीस वर्षे काढली असल्यामुळे कवचाविषयी थोडे लिहिण्याचा मोह आवरत नाही.

रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन हे मुळात युरेथेनच आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेनचे बॉल आले आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच मिश्रणात काही जास्तीची द्रव्ये घालून रिअ‍ॅक्टिव्ह बॉल तयार झाले. मिश्रण घट्ट होताना या द्रव्यांमुळे पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहतात. ती छिद्रे तेल पितात आणि कोरड्या जागी लेनला धरतात. पॉलिएस्टरमध्ये हा प्रकार जवळजवळ नाही. ते काचेसारखे घट्ट आणि गुळगुळीत असते. पर्लमध्ये अभ्रकाची पूड असते आणि तो सॉलिडच्या मानाने पुढे जाऊन वळतो.

मुद्दा असा की नवा बॉल घेण्यापूर्वी हातातल्या बॉलचा पृष्ठभाग बदलून पाहावा. बॉल घासण्याच्या पॅडवर ५००, १०००, २०००, ४००० असे क्रमांक असतात आणि क्रमांक जितका मोठा तितका पृष्ठभाग गुळगुळीत. आपला बॉल खरखरीत लागतो, त्या अर्थी तो १००० ते २००० च्या आसपास घासलेला असावा. तो प्रो शॉपच्या फिरत्या यंत्रावर ४००० पर्यंत नेऊन वर पॉलिश चढवले, तर किरकोळ खर्चात तो काही फूट पुढे जाऊन वळू लागेल. घरी हाताने हा उद्योग करू नये. एक बाजू जास्त घासली जाते आणि मग बॉल कसा वागेल याचा भरवसा राहत नाही. पॉलिशने गाभा मात्र बदलणार नाही, त्यामुळे हा पूर्ण उपाय नव्हे, अर्धा आहे.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या उन्हाची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांना भिडतो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापते. चार वर्षांपूर्वी एरंडोलला एका लग्नाला गेलो असताना माझा रिअ‍ॅक्टिव्ह बॉल डिकीत राहिला. संध्याकाळी पिशवी उघडली, तेव्हा आतून प्यायलेले तेल घामासारखे वर आले होते. तो मी तसाच घरी नेऊन एसीच्या खोलीत ठेवला, ही दुसरी चूक. सकाळी अंगठ्याच्या छिद्रापासून मधल्या बोटाच्या छिद्रापर्यंत केसासारखी चीर गेलेली दिसली, आणि पुढच्या दोन गेममध्ये ती बोटभर रुंद झाली. कवच आणि गाभा सारख्या प्रमाणात फुगत-आकसत नाहीत, म्हणून असे होते. बॉल घरातच, जमिनीलगत, सावलीच्या खोलीत ठेवावा. आमच्याकडे तो ज्वारीच्या कोठीशेजारी असतो आणि तिथे त्याची तब्येत उत्तम आहे.

नंदुरबारकर_आई

आम्ही मायलेक ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतला खेळायला जातो. तिथल्या लेनही पुष्कळदा कोरड्याच असतात, म्हणून अनुभवाने सांगते. धुळे_ते_पुणे यांच्यापेक्षा माझे मत थोडे वेगळे आहे : आपण सरळ प्लास्टिक बॉल घ्यावा आणि वाचलेले पैसे त्याची छिद्रे आपल्या हाताच्या मापाने नीट पाडून घेण्यावर खर्च करावेत.

आपल्याकडे आहे तो मित्राच्या मापाचा बॉल आहे, याकडे अजून कोणी लक्ष वेधलेले नाही. छिद्रांमधले अंतर आपल्या पंजापेक्षा जास्त असेल, तर हात नकळत बॉल आवळून धरतो, सोडताना मनगट वळते आणि त्या वळण्याने नको तेवढा हुक (वळण) निर्माण होतो. दोष लेनचा किती आणि पकडीचा किती, हे आपल्याला सध्या कळूच शकत नाही.

या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. पहिला ११ पौंडांचा बॉल मी छिद्रांविना मागवला आणि ‘तीन भोकांसाठी सुरतेला कशाला जायचे’ असा विचार करून ओळखीच्या लेथवाल्याकडे दिला. त्याने माप अगदी काटेकोर घेतले, पण छिद्रे सरळ गाभ्याच्या दिशेने पाडली. बोटांच्या छिद्रांना आणि विशेषतः अंगठ्याच्या छिद्राला हाताप्रमाणे थोडा तिरपेपणा द्यावा लागतो, हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि मलाही. तिसऱ्या फ्रेमला अंगठा अडकला, बॉल गुडघ्याच्या उंचीवरून लेनवर आपटला आणि आठ दिवस अंगठ्याचे पेर सुजलेले होते. पुढे तीच छिद्रे बुजवून नव्याने पाडून घेतली, तेव्हा दुप्पट खर्च झाला.

मुलाची गोष्ट वेगळी. तो दोन्ही हातांनी टाकणारा व्यावसायिक खेळाडू जेसन बेलमोंटे याचे सामने पाहून दोन्ही हातांनी टाकायला शिकला आहे. त्या पद्धतीत बॉलला फिरकी इतकी मिळते की कोरड्या लेनवर प्लास्टिक बॉलसुद्धा चांगला वळतो. आपण एका हाताने खेळता, त्यामुळे आपला प्लास्टिक बॉल त्याच्याइतका वळणार नाही, हे मान्य.

धुळे_ते_पुणे

मापाचा मुद्दा माझ्या लिहिण्यात यायला हवा होता, तो राहिला. ताईंचे म्हणणे बरोबर आहे. प्लास्टिकच घ्यावा की सौम्य रिअ‍ॅक्टिव्ह, याचा निर्णय एका साध्या प्रयोगाने करता येईल. पुढच्या खेपेस तिथला भाड्याचा बॉल घेऊन एक पूर्ण गेम खेळावा. तो प्लास्टिकचाच असतो. नेहमीसारखा सोडल्यावर तो शेवटच्या १५-२० फुटांत थोडा तरी डावीकडे वळत असेल, तर मापाने पाडलेला प्लास्टिक बॉल आपल्याला पुरेल. अगदी रेषेत सरळ गेला, तर सौम्य पर्ल घ्यावा. त्याच दिवशी आपल्या बॉलनेही एक प्रयत्न करून पाहावा : पावले पाच बोर्ड डावीकडे आणि नेम तीन बोर्ड डावीकडे सरकवावा. मधल्या बोर्डांवर थोडेफार तेल शिल्लक असेलच.

जळगावचा_दहावा_पिन

सर्वांचे मनापासून आभार. काल नाशिकला जाऊन आलो आणि सांगितलेले दोन्ही प्रयोग केले. पावले डावीकडे सरकवल्यावर माझा बॉल पहिल्या गेममध्ये बराच शहाण्यासारखा वागला, पण दुसऱ्या गेमपासून मधलेही तेल उडाले आणि तो पुन्हा पूर्ववत झाला. भाड्याचा १४ पौंडांचा बॉल मात्र शेवटी एक-दोन बोर्ड वळत होता आणि १४१ गुण झाले. माझ्या स्वतःच्या बॉलने ११८ झाले. मित्राच्या बॉलमध्ये बोटे घालून पंजा टेकवून पाहिला, तर तळहात आणि बॉल यांच्यामधून पेन्सिल आरपार जाते. ताईंची शंका खरी असावी.

तेव्हा प्लास्टिक बॉल नक्की करतो. आता एवढेच विचारायचे आहे की वजन १४ पौंड ठेवावे की १५? आणि जुना, वापरलेला प्लास्टिक बॉल मिळाला तर घ्यावा का?

नंदुरबारकर_आई

पेन्सिल जाते एवढ्यावरून अंतर जास्त की कमी, हे नक्की ठरवता येत नाही. पाडणाऱ्याला हे आवर्जून सांगावे. वजन १४ घ्यावे. दोन गेमनंतर हात खाली न पडता सारख्याच वेगाने टाकता येतो, तेच आपले वजन. मापाने पाडलेला बॉल भाड्याच्या त्याच वजनाच्या बॉलपेक्षा हातात हलका वाटतो, त्यामुळे नंतर १५ वर जाण्याचा मोह होईल, तो वर्षभर आवरावा.

धुळे_ते_पुणे

वापरलेला प्लास्टिक बॉल अवश्य घ्यावा. रिअ‍ॅक्टिव्ह बॉल तेल पिऊन पिऊन मंदावतो, प्लास्टिकला ती अडचण नाही. छिद्रे बुजवून नवी पाडता येतात. फक्त दोन गोष्टी पाहाव्यात. छिद्रांच्या मधल्या अरुंद भागावर नख फिरवून चीर आहे का ते तपासावे. आणि बोटांच्या तीन छिद्रांखेरीज बाजूला चौथे छिद्र असेल, तर ते तोल साधण्यासाठी पाडलेले असते. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या नियमांखालील स्पर्धांत ते चालत नाही, म्हणून तेही बुजवून घ्यावे. आज स्पर्धा खेळायची नसली तरी एकाच खेपेत ते काम होऊन जाईल.

चटईवाला

आणि मित्राचा बॉल परत करणार असाल, तर तो मे महिन्यात पार्सलने पाठवू नका. पाऊस पडू द्या.